कोल्हापुरातलं परडं: पावसाआधी काय लावायचं, पावसात काय टिकतं

मागलं_परडं

घरामागं चार हात जागा असलेल्या आणि गच्चीवर चार बादल्या मांडलेल्या सगळ्या कोल्हापूरकरांसाठी हा धागा काढतेय. बागकामाची माहिती आता कुठंही मिळते, पण त्यातले बरेच तक्ते कमी पावसाच्या गावांसाठी केलेले असतात. 'जूनमध्ये टोमॅटोची रोपं लावा' असं त्यात असतं. कळंब्यात किंवा फुलेवाडीत कुणी तसं केलं की आषाढ सरेपर्यंत करपा येऊन रोपं काळी पडतात आणि माणूस म्हणतो, मला बागकाम जमत नाही. जमतं हो. महिना चुकलेला असतो.

माझं म्हणणं आधीच मांडते. कोल्हापुरात भाजी लावायची तर पहिल्यांदा निचरा बघा, मग महिना, मग बी. खताचा विचार सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. आधी खताचं पोतं आणतो.

आमच्या भागातली माती काळी, चिकट. मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच माती पाणी धरून बसते. मुळांना हवा मिळत नाही, रोप पिवळं पडतं. पिवळं दिसलं म्हणून लोक आणखी खत घालतात. मी गादीवाफे केलेत. वीतभर उंचीचा वाफा आपल्या पावसाला पुरत नाही, चांगला एक फूट तरी हवा. रुंदी अशी ठेवायची की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवायची वेळ येता कामा नये. ओली काळी माती एकदा तुडवली की ती वर्षभर मोकळी होत नाही. कडेला जुनी कौलं किंवा विटा उभ्या लावायच्या आणि दोन वाफ्यांमधली चर घराच्या उताराला न्यायची. हे सगळं मेमध्ये, वळवाचा एखादा पाऊस पडून वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली की करायचं. मृगाला हात लावाल तर चिखल कालवत बसाल.

आता महिन्यांचं. रोहिणी निघाल्या की, म्हणजे २५ मेच्या आसपास, मी दोडका, पडवळ, कारली, काकडी, भोपळा टोकते. जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत वेल मांडवाला लागलेला हवा, एवढंच गणित. भेंडीही तेव्हाच. हळद आणि आलं त्याच्याही आधी, अक्षय्य तृतीयेपासून पुढं. अळूला काही सांगावं लागत नाही. पावटा आणि वाल जूनमध्ये टोकायचे आणि विसरून जायचं. आपला जवारी, म्हणजे गावठी, पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. पावसाळाभर नुसता पाला वाढतो म्हणून कितीतरी जण वैतागून वेल उपटतात. ठेवा. दिवाळीनंतर शेंगा आवरणार नाहीत.

टोमॅटो, वांगी, कोबी, फ्लॉवर यांचं तरू, म्हणजे रोपांसाठीचं बी, सप्टेंबरमध्ये आडोशाला टाकायचं आणि हस्ताचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये लावायचं. मेथी, पालक, मुळा, गाजर, चाकवत, करडई, कांदापात हे सगळं तेव्हापासून संक्रांतीपर्यंत. आपल्याकडं परड्याचा खरा भर हाच.

सगळ्यांनी आपापल्या भागातलं लिहा. माती कुठली, पाऊस किती, काय टिकतं. उपनगरात नवीन बंगले बांधलेल्यांनी तर नक्की लिहा, कारण तिथं पाया खणताना निघालेला मुरूम वर पसरलेला असतो आणि लोक त्यालाच माती समजतात.

बिंदू_चौक

जगात भारी धागा. मांडवाचं वाचून आमच्या जुन्या वाड्याचं परडं आठवलं. वाचतोय.

उसाचा_पट्टा

ताई, लई चांगला विषय काढलासा. आम्ही कागल भागातले, रानात ऊस आन घरामागं बायकांचं परडं. शहरातल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुमच्या चारी बाजूला फुकटचं सोनं पडलंय, पाचट, म्हंजे उसाचा वाळलेला पाला. ऊसतोड चालू झाली की नोव्हेंबरपासनं मार्चपर्यंत कुठल्याबी शेतकऱ्याला विचारा, न्या म्हणंल. नाहीतर कितीतरी ठिकाणी अजून पेटवत्यात, ते बघून जीव तुटतो.

पण पाचट तसंच मातीत पुरू नका. त्याला कुजायला नत्र लागतं, ते मातीतलंच घेतंय आन तुमची मेथी पिवळी पडतीया. एका कोपऱ्यात ढीग घाला, थर थर करून शेणकाला शिंपडा, पाणी मारा, अधनंमधनं परता. कोयत्यानं बारीक केलं तर लवकर कुजतं. पावसाळ्याआधी ढीग लावला तर दिवाळीच्या लागणीला काळंभोर खत हातात येतं.

कारखान्यातलं प्रेसमडबी मिळतं, म्हंजे रस गाळून उरलेली मळी. ताजं असंल तर हात लावून बघा, गरम असतं. ते मुळाशी घातलं की रोप गेलंच. कुजवून मगच वापरायचं. रसाच्या गाड्यावरची चिपाडंबी चालत्यात, पण साखरंमुळं मुंग्या येत्यात. महिना-दोन महिने भिजत ठेवून कुजवा, मग घ्या.

आनखी एक, ह्ये कुणी सांगत न्हाई. परड्याशेजारी ऊस असंल आन त्यात तणनाशक म्हणून टू-फोर-डी मारलं, तर वाऱ्यानं चार थेंब आलं तरी टोमॅटो, भेंडी, वेलवर्गीय सगळ्याची पानं अरुंद होऊन पिळवटत्यात. लोक त्येला व्हायरस समजून औषधं मारत बसत्यात. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा, वारा पडल्यावर मारा म्हणावं. आन तसल्या रानातलं ताजं पाचटबी लगेच वाफ्यात नको.

गच्चीवरची

मी राजारामपुरीत राहते, जमीन अजिबात नाही, फक्त गच्ची. निचऱ्याचा मुद्दा गच्चीवर दुप्पट लागू होतो, कारण पाणी साचलं की रोपाबरोबर स्लॅबही जातो.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पहिल्यांदा वजनाचा हिशेब करावा. ओली माती घनफुटाला साधारण ४५ ते ५० किलो भरते. अर्धा फूट खोल वाफा पसरला तर दर चौरस फुटाला वीस-पंचवीस किलो झाले आणि पावसाळ्यात ते चार महिने उतरत नाहीत. जुन्या बांधकामावर असले प्रयोग करू नयेत. मी वाफा केलाच नाही. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळलेला पाला आणि कुजलेली चिपाडं, वर फक्त चार बोटं माती आणि शेणखत, असे क्रेट भरते. वजन निम्म्याहून कमी होतं. खालचा पाला खचत जातो, म्हणून दर हंगामाला वर भर घालावी लागते. क्रेट विटांवर उचलून ठेवायचे, खाली हवा खेळली पाहिजे आणि खराटा फिरला पाहिजे. तुळया आणि खांब जिथं आहेत, जड कुंड्या तिथं कडेला.

पावसाळ्यात गच्चीवर मी भेंडी, दोडका, मिरची, कढीपत्ता, गवती चहा एवढंच ठेवते. पालेभाजीवर सरळ पाऊस आला की मातीचे शिंतोडे उडून पानं सडतात. पत्र्याच्या पुढं आलेल्या भागाखाली पोकळा आणि माठ मात्र छान येतो. शेडनेटनं पाऊस अडत नाही, तिचा उपयोग मार्च ते मे. त्या महिन्यांत संध्याकाळी स्लॅबवर पाय ठेववत नाही, कुंडीतल्या मुळांचं काय होत असेल विचार करा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की मधल्या कुंड्या वाचतात.

मागलं_परडं

गच्चीवरची, वजनाचं लिहिलंत ते फार बरं झालं. हे सगळ्यांनी कुंड्या विकत घेण्याआधी वाचायला हवं.

उसाचा पट्टा दादा, टू-फोर-डीचं मलाही नवीन आहे. पाचटाबद्दल एक विचारायचं होतं. उन्हाळ्यात मी वाफ्यावर पाचटाचं आच्छादन घालते, भेगा थांबतात आणि पाणी निम्मं लागतं. जूननंतर ते ठेवावं की काढावं?

उसाचा_पट्टा

काढा. पावसात आच्छादन म्हणजे गोगलगाईचं घर. ऊन कमी, खाली दमट, वर लपायला पाचट. उसात चालतंय, परड्यातल्या कोवळ्या रोपाला न्हाई. हस्त झाला की पुन्हा घाला.

गच्चीवरची

मला पूर्ण पटत नाही, दादा. उघड्या मातीवर आपला पाऊस आपटला की वरचा थर घट्ट होतो आणि माती वाहून जाते. मी पातळ थर ठेवते, रोपाच्या खोडापासून वीतभर लांब. गच्चीवर गोगलगाई कमी, हे मान्य.

तांबडी_माती

दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. जिथं शंखी गोगलगाय आहे तिथं आच्छादन काढावंच लागतं. आमच्या पन्हाळ्याच्या बाजूला ती पहिल्या पावसाबरोबर निघते आणि एका रात्रीत घेवड्याची सगळी रोपं जमिनीसपाट करते. उपाय सोपा आहे, पण रोज करावा लागतो. गुळाच्या पाण्यात पोती भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरायची. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई चिमट्यानं किंवा हातमोजा घालून उचलायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या घट्ट पाण्यात टाकायच्या. उघड्या हातानं धरू नका, त्यांच्या अंगावरच्या चिकट द्रवातून माणसाला आजार होऊ शकतो. बाजारातल्या गोळ्या घरात कुत्रं-मांजर असेल तर नकोतच.

आता आमच्या मातीबद्दल. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यात पाऊस शहरापेक्षा पुष्कळ जास्त आणि माती तांबडी, जांभ्याची. पाणी थांबत नाही, पण त्याच्याबरोबर अन्नही वाहून जातं. सामू (पीएच) आम्लाकडं झुकलेला असतो. म्हणून आमच्याकडं चुलीची राख आणि थोडा चुना मानवतो. शहरातल्या काळ्या मातीचा सामू आधीच आठच्या आसपास असतो, त्यात चुनखडीही असते. तिथं राखेचा मारा केला की लोह मुळांना मिळेनासं होतं. लिंबाची नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात ना, ते हेच. जिल्हा एक असला तरी औषध एक नाही. एकदा माती तपासून घ्या, शासकीय प्रयोगशाळेत फार खर्च येत नाही. नमुना एकाच जागेचा नको, चार-पाच ठिकाणी वीतभर खोल खणून माती एकत्र करून तिच्यातली अर्धा किलो द्या.

वानरांवर कुणाकडं उपाय असेल तर सांगा. आम्ही आता हळद, आलं, सुरण, अळू आणि मिरचीच लावतो. त्यांना ती हात लावत नाहीत.

नवीन_घर

नमस्कार. मी आर. के. नगरमध्ये दोन वर्षांपूर्वी आलो. वाफे उंच केलेत, उन्हाळी वेल छान वाढलेत, पण दुधी आणि दोडक्याची बारकी फळं बोटाएवढी होतात, पिवळी पडतात आणि गळतात. खत वाढवू का?

मागलं_परडं

दादा, खत वाढवू नका, त्यानं पालाच वाढेल. फुलाला परागच मिळालेले नाहीत. या वेलांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलामागं बारकं फळ असतं, नराला नुसता देठ. मधमाश्या फिरकत नसल्या, पावसात तर फिरतच नाहीत, की हे काम आपण करायचं. वेळ महत्त्वाची आहे. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, पाचनंतर. भोपळा, घोसाळी आणि कारलं पहाटे. सकाळी दहा वाजता जाऊन दुधीचं फूल हाताळण्यात काही अर्थ नसतो, ते कोमेजलेलं असतं. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं करायच्या आणि मधला भाग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं फिरवायचा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. दोन-तीन दिवसांत फळ फुगायला लागलं की लागलं समजा.

परागीकरण होऊनही फळ वाकडं होऊन आतून सडत असेल तर ती फळमाशी. त्यासाठी क्यू ल्यूरचे, म्हणजे वासानं नर माश्या ओढणारे, सापळे मिळतात, मांडवाला एक टांगा. आणि सडलेलं फळ उकिरड्यावर टाकू नका. त्यातल्या अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि पुन्हा माश्या होऊन तुमच्याच मांडवाला येतात. खोल पुरा किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

नवीन_घर

काल संध्याकाळी केलं, बघतो. खूप आभार.

पंचगंगेकाठ

आमचा भाग पुराचा आहे. २०१९ ला आणि २०२१ ला परड्यात पाणी होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ आहेत. त्यामुळं जुलै-ऑगस्टचं पीक हाती लागेलच असं धरून आम्ही काहीच लावत नाही. निचऱ्याचा आणि महिन्याचा मुद्दा आमच्याइतका कुणाला पटणार?

पूर ओसरल्यावर काय करायचं ते लिहितो, कारण त्या वेळी सांगणारं कुणी भेटत नाही. पाण्यात बुडालेली भाजी कितीही धुतली तरी खायची नाही. त्या पाण्यात गटारं, संडास, डिझेल सगळं मिसळलेलं असतं. कष्टानं वाढवलेला वेल उपटताना वाईट वाटतं, पण उपटायचा. वर साचलेल्या गाळात काचा आणि पत्रे असतात, बूट घातल्याशिवाय उतरू नका. लगेच खणायचंही नाही. वाफसा येऊ द्यायचा, वरची खपली फोडायची आणि ऊन लागू द्यायचं. मग आम्ही ताग पेरतो आणि फुलावर यायच्या आधी मातीत गाडतो. त्या हिवाळ्यात मुळा, गाजर, कोथिंबीर असं कच्चं खाल्लं जाणारं काही लावत नाही. वांगी, मिरची, घेवडा, जे मातीला टेकत नाही आणि शिजवून खातो, तेवढंच. पुढच्या वर्षी मात्र त्या गाळावर वांगी अशी येतात की बघत राहावं.

पपईला पाणी अजिबात सोसत नाही. एक-दोन दिवस मुळाशी पाणी उभं राहिलं तरी झाड बसतं. पूर नसलेल्या भागातही ती उंचवट्यावर लावा.

गारगोटी_रस्ता

धागा शांतपणे वाचला. आपल्यापैकी तरुण मंडळींना एक नाव माहीत असावं म्हणून लिहितो: श्री. अ. दाभोळकर. गणिताचे प्राध्यापक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात होते, नंतर कोल्हापुरातच राहिले. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. शेतकऱ्यांनी आपापल्या रानात बघायचं, मोजायचं, लिहायचं आणि एकमेकांना कळवायचं. द्राक्षबागायतदारांनी त्यांच्या पद्धतीनं केलेलं काम सर्वश्रुत आहे. पण त्यांचा जीव लहान जागेतही तितकाच होता. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं पोषण कसं होईल, हा हिशेब त्यांनी मांडला. पान म्हणजे उन्हाचं अन्न करणारी जागा, तेव्हा आपल्या जागेवर पडणारं किती ऊन पानांवर झेललं जातं हे बघा, आणि मातीत पांढऱ्या मुळ्यांचं जाळं किती आहे हे बघा, असं ते शिकवत.

या दोन गोष्टी परड्यात रोज उपयोगी पडतात. जुलैत ऊनच कमी, तेव्हा टोमॅटो-वांगी ऑक्टोबरला लावा, ही वरच्या ताईंची गोष्ट त्याच हिशेबात बसते. आणि रोप बिघडलं की आपण पानांकडं बघतो. कडेची माती हलकी बाजूला करून मुळं बघावीत. पांढरी असतील तर झाड सावरेल. तपकिरी आणि मऊ असतील तर वर काहीही शिंपडा, उपयोग नाही.

या धाग्यावर आज जे चाललंय ते त्यांना आवडलं असतं.

मागलं_परडं

काका, मनापासून आभार. मुळं बघायचं हे सगळ्यांनी करून पाहावं. काळ्या मातीत तर रोप पिवळं पडायच्या कितीतरी आधी मुळं सांगतात.

गडहिंग्लजची_मिरची

तुम्ही सगळे निचरा आणि महिन्यावर बोललात, तिसऱ्या मुद्द्यावर, बियांवर, कुणीच आलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडं संकेश्वरी मिरची होते. वर्षाच्या चटणीला तिचाच रंग लागतो. घरी चार रोपं असली तरी बी आपलं ठेवा. संकरित बियाणं पुढच्या वर्षी तसंच उगवत नाही, म्हणून पाकिटावर बघून घ्या.

घेवडा, पावटा, टोमॅटो यांचं बी धरणं सगळ्यात सोपं, ते सहसा आपल्याच फुलावर फळतात. मिरचीही आपल्याच फुलावर फळते, पण मधमाश्या मिसळ करतात. शेजारी ढोबळी मिरची असेल तर पुढच्या वर्षीची मिरची तिखट लागेलच असं नाही. चांगल्या झाडाची एक फांदी कळ्या असतानाच पातळ कापडाच्या पिशवीत बांधा आणि त्याच फांदीवरच्या लाल मिरच्या बियाला ठेवा. वांगं बियाला ठेवायचं तर झाडावर पूर्ण पिवळं होऊ द्या, जांभळ्या वांग्यातलं बी कच्चं असतं. दोडका वेलावर वाळून खुळखुळा वाजला की काढा. पहिलं निरोगी फळ बियाला, हा आमच्या घरातला नियम आहे. हंगामाच्या शेवटी उरलेल्या खुरट्या फळांचं बी धरून चांगलं पीक कसं येणार?

कडधान्याचं बी आज्जी राखेत कालवून मडक्यात ठेवायची. अजूनही त्याला भुंगा लागत नाही.

मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, सगळ्यांना छळतो, म्हणून सांगते. पानाच्या कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी ही बारीक कीड. दोन्ही पानाच्या मागच्या बाजूला असतात, तेव्हा फवारा खालून द्या. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी गाळून त्यात चिमूटभर साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायचं. सुरुवातीला धरलं तर पुरतं. झाड पूर्ण आकसलं असेल तर उपटून टाका, बाकीची वाचतील.

गच्चीवरची

ताई, संकेश्वरीचं थोडं बी मिळेल का? माझ्याकडं जवारी कोथिंबिरीचं आहे. पानं बारकी, पण रस्सा उकळताना घरभर वास सुटतो. बाजारातल्या मोठ्या पानांना तो वास नाही.

गडहिंग्लजची_मिरची

नक्की. व्यक्तिगत निरोपातून पत्ता कळवा. कोथिंबिरीचं द्याच.

दूरचा_कोल्हापूरकर

मी बेंगळुरूत असतो, आईवडील ताराबाई पार्कात. बाबांनी पेरू आणि लिंबू लावलाय. पेरू पावसाळ्यात भरपूर लागतो आणि सगळ्यात अळ्या निघतात. लिंबाला आठ वर्षांत एक फळ नाही. आई म्हणते, झाड काढून टाका. काही करता येईल का?

उसाचा_पट्टा

काढू नका दादा. पेरूचं आधी सांगतो. फेब्रुवारी-मार्चला जी फुलं येत्यात त्यांची फळं पावसात पिकत्यात. त्या फळाला गोडी नसती आन फळमाशी भरपूर. जूनला जी फुलं येत्यात त्यांची फळं थंडीत, ती खरी फळं. म्हणून उन्हाळ्यातली फुलं झाडून टाका, पाणी कमी करा. मेच्या शेवटी फांद्यांचं शेंडे वीतभर छाटा आन खत द्या. नव्या फुटीवर फूल येतं. फळ लिंबाएवढं झालं की कागदी नाहीतर कापडी पिशवी बांधा, अळीचं नाव न्हाई.

लिंबू बियापासनं लावलेलं दिसतंय. त्येला वेळ लागतोच, पण आठ वर्षं म्हणजे आता यायला पायजे. दोन गोष्टी बघा. एक, झाडावर सावली हाय काय? शेजारी मोठी इमारत उठली आसंल तर फळ विसरा. दोन, रोज पाणी घालताय काय? लिंबाला ताण लागतो. डिसेंबरात महिनाभर पाणी तोडा, पानं जरा मलूल झाली की आळं खणून शेणखत घाला आन पाणी सोडा. फुलं येत्यात. आळं खोडाला लागून करू नका. खोडाभोवती मातीची भर आन पाणी लांबच्या दुसऱ्या आळ्यात, न्हाईतर डिंक्या लागतो, म्हंजे खोडातनं डिंक गळायचा रोग.

तांबडी_माती

भर घालतो. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती अळी आहे, फुलपाखराची. लहान झाडाची पानं ती दोन दिवसांत संपवते. हातानं वेचली की पुरे. आणि वर लिहिलेली काळ्या मातीतली लोहाची कमतरता बघून घ्या. ताराबाई पार्कात तीच शक्यता जास्त. राख घालत असतील तर बाबांना थांबवायला सांगा.

दूरचा_कोल्हापूरकर

राख रोज घालतात! आजच फोन करतो.

नवीन_घर

आधी दुधीबद्दल सांगतो, दोन फळं धरली आहेत, चांगली फुगली. आता दुसरा प्रश्न. परवा आमच्याकडं जोराचा वळीव झाला. भेंडी आणि पावटा आत्ताच टोकू की मृगाची वाट बघू?

मागलं_परडं

वा, दुधीचं वाचून आनंद झाला. माती मुठीत घेऊन दाबा. गोळा होऊन बोटानं ढकलल्यावर फुटला तर वाफसा आहे, भेंडी आजच टोका. रात्रभर भिजवलेलं बी, एका जागी दोन, बोटाच्या एका पेराएवढं खोल. वळवानंतर आठ-दहा दिवस कडक ऊन पडतं, तेव्हा उगवेपर्यंत झारीनं पाणी लागेल. पावट्याला घाई नाही, तो मृगात टाका. मांडवाचा खांब मात्र आत्ताच रोवून ठेवा. जुलैत माती मऊ झाली की खांब कलतो, आणि पावट्याचा वेल दिसतो त्यापेक्षा पुष्कळ जड होतो.